सगळंच थायरॉइडच्या माथी नको

प्रश्न: नमस्कार डॉक्टर. माझं वय ४३. गेल्या सहा-सात महिन्यांपासून रात्री उजव्या हाताला मुंग्या येऊन जाग येते. हात झटकला, जरा खाली लोंबता सोडला की बरं वाटतं. दोन्ही तळपायांची आग होते, रात्री पांघरूणसुद्धा पायांवर नको होतं. मधूनच ओठांभोवती झिणझिण्या येतात, त्या वेळी छातीत धडधडतं आणि फार घाबरल्यासारखं होतं. थकवा आहे, केस गळतात, वजन चार किलोंनी वाढलंय. पहिल्या तपासणीत टीएसएच ६.९ आलं. डॉक्टर म्हणाले, थायरॉइड बॉर्डरलाइनवर आहे, पाहू. दोन महिन्यांनी दुसऱ्या लॅबमध्ये तेच १.१ आलं. दुसरे डॉक्टर म्हणाले, सगळं नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका. उपाशीपोटी साखर १०८ आहे, तीही ठीक म्हणाले. मी शाकाहारी आहे. अ‍ॅसिडिटीची गोळी चार वर्षांपासून रोज चालू आहे. केसांसाठी मधल्या काळात १० मिलिग्रॅम बायोटिनच्या गोळ्या सुरू केल्यात. माझ्या मोठ्या बहिणीला थायरॉइड आहे. ती म्हणते, माझी गोळी महिनाभर घेऊन बघ, फरक पडेल. घरच्यांना वाटतं, मी नेटवर वाचून आजार लावून घेते. हे थायरॉइडच आहे का? बहिणीची गोळी घेऊ का?

उत्तर:

नमस्कार ताई,

सर्वांत आधी बहिणीच्या गोळीबद्दल, कारण बाकीचं वाचून होईपर्यंत तुम्ही ती सुरू करायला नको. ती गोळी घेऊ नका. बहिणीचा डोस तिचं वजन, तिचं टीएसएच (थायरॉइड ग्रंथीला कामाला लावणारं हार्मोन, ग्रंथी कमी पडली की ते वाढतं) आणि तिची ग्रंथी अजून किती काम करते हे पाहून ठरलेला आहे. तुमची ग्रंथी बहुधा बऱ्यापैकी काम करते आहे. तिच्या जोडीला बाहेरून थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडचं हार्मोन, घातलं तर धडधड वाढेल, झोप उडेल, हात थरथरतील. गरज नसताना हे हार्मोन दीर्घकाळ जास्त राहिलं तर हृदयाची लय बिघडू शकते, हाडं ठिसूळ होऊ शकतात. आणखी एक व्यावहारिक तोटा आहे. महिनाभर गोळी घेऊन रक्त तपासलंत, तर त्या आकड्यात तुमची ग्रंथी किती आणि बहिणीची गोळी किती, हे कोणत्याच डॉक्टरला वेगळं काढता येणार नाही. बहिणीची माया खरी आहे. तिच्याकडून वेगळी मदत घ्या. तिला थायरॉइडचा नेमका कोणता त्रास आहे, अँटिबॉडीज (आपल्याच ग्रंथीवर हल्ला करणारी प्रथिनं) तपासल्या होत्या का, तिला बी१२ ची कमतरता कधी निघाली होती का, एवढं विचारून ठेवा. तुमच्या डॉक्टरांना ते खरंच उपयोगी पडेल.

आता मूळ प्रश्न. तुमच्या पत्रात तीन निरनिराळ्या तक्रारी आहेत, आणि तुम्ही तिन्हींसाठी एकच नाव शोधताय. रात्री हाताला येणाऱ्या मुंग्या ही एक. तळपायांची आग ही दुसरी. धडधडीबरोबर येणाऱ्या ओठांच्या झिणझिण्या ही तिसरी. मला वाटतं, दोन्ही डॉक्टरांकडे तुमची गाडी अडली ती इथेच. “अंगाला मुंग्या येतात, आग होते” असं एका दमात सांगितलं की समोरच्याला त्यातून काहीच धरता येत नाही. मग एक जण थायरॉइड म्हणतो, दुसरा टेन्शन म्हणतो. प्रत्यक्षात कुठे होतं, केव्हा होतं आणि कशाने थांबतं या तीन गोष्टींवर निम्मं निदान उभं असतं. म्हणून आपण एकेक तक्रार सुटी करू.

हातापासून सुरुवात करते, कारण त्याचं वर्णन तुम्ही नकळत फार नेमकं केलंय. मुंग्यांनी जाग येणं आणि हात झटकल्यावर बरं वाटणं हे मनगटात नस दबत असल्याचं अगदी ओळखीचं लक्षण आहे. कार्पल टनेल म्हणतात त्याला. मनगटाच्या तळव्याकडच्या बाजूला हाडं आणि एक जाड पट्टा यांच्यामध्ये एक अरुंद बोगदा असतो. बोटं मिटवणारे नऊ स्नायुबंध त्यातून जातात आणि त्यांच्यासोबत मीडियन नावाची नस जाते. जागा आधीच तुटपुंजी. थोडी सूज आली तरी दाब पडतो तो नसेवर. झोपेत आपलं मनगट नकळत दुमडलेलं राहतं, म्हणून त्रास रात्री जास्त. आज रात्री जाग आली की एक करा: मुंग्या कोणत्या बोटांत आहेत ते नीट पाहा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची बाजू असेल तर संशय मनगटावर. करंगळी आणि अनामिकेची बाहेरची बाजू असेल तर दुसरी नस, आणि ती बहुतेक वेळा कोपराशी दबते. मानेतून खांद्याकडे आणि तिथून हातात कळ उतरत असेल तर मणक्याकडे पाहावं लागेल. दिवसा दोन्ही मनगटं पूर्ण खाली दुमडून, हातांच्या पाठी एकमेकींना टेकवून मिनिटभर धरा. त्याच बोटांत त्याच मुंग्या आल्या तर डॉक्टरांना तसं आवर्जून सांगा.

इथे थायरॉइडचा संबंध खरोखर आहे. हे हार्मोन कमी पडलं की ऊतींमध्ये पाणी धरून ठेवणारा चिकट पदार्थ साठतो. चेहरा आणि पापण्या सुजल्यासारख्या दिसतात, त्या यामुळेच. तसाच तो मनगटाच्या बोगद्यातही साठतो आणि नस दाबतो. म्हणून कार्पल टनेलच्या रुग्णाचं थायरॉइड तपासणं शहाणपणाचं असतं. पण याचं उलट खरं नाही. कार्पल टनेल झालेल्या बहुतेकांचं थायरॉइड ठणठणीत असतं. हा त्रास मुळात पुरुषांपेक्षा स्त्रियांना जास्त होतो, चाळिशी ते साठीत जास्त होतो. मधुमेह, गरोदरपण, संधिवात, हातांची सततची कामं ही कारणं आहेतच. कारण काहीही असो, एक उपाय तुम्ही लगेच करू शकता. मनगट सरळ ठेवणारी पट्टी, रिस्ट स्प्लिंट म्हणून मिळते ती, रोज रात्री बांधून झोपा आणि सहा आठवडे नेटाने बांधा. घट्ट आवळायची नाही. तिचं काम मनगट दुमडू न देणं एवढंच आहे. सौम्य त्रासात अनेकांची झोप एवढ्यानेच परत येते. मात्र अंगठ्याच्या बुडाशी असलेला मांसल उंचवटा सपाट व्हायला लागला, हातातून वस्तू निसटू लागल्या किंवा बोटं दिवसभर बधिर राहू लागली, तर पट्टीच्या भरवशावर थांबू नका. तेव्हा नसेची तपासणी आणि गरज पडली तर छोटी शस्त्रक्रिया, यात उशीर झाला तर गेलेली ताकद पूर्ण परत येत नाही.

तळपायांची आग ही वेगळी गोष्ट आहे आणि मला जास्त काळजी तिची वाटते. ती दोन्ही पायांना सारखी आहे, खालून सुरू झाली आहे. नसा सर्वांत लांब पायांच्या, आणि त्यांना पोसण्याचं काम कमरेजवळच्या पेशींकडे. लांब पाटावरच्या शेवटच्या वाफ्याला जसं पाणी सर्वांत आधी कमी पडतं, तसं शरीरात कशाचीही कमतरता झाली किंवा विषारी काही साठलं, की पहिला त्रास पायांच्या टोकांना होतो. मग तो हळूहळू वर चढतो आणि साधारण गुडघ्यापर्यंत आला की हातांच्या बोटांतही जाणवू लागतो. याची जगभर सर्वांत जास्त आढळणारी कारणं थायरॉइडच्या आधी येतात: मधुमेह आणि बी१२ ची कमतरता. दारूचं दीर्घकाळचं सेवन, मूत्रपिंडाचे विकार, क्षयरोगावरची आणि कर्करोगावरची काही औषधं हीसुद्धा. थायरॉइडमुळेही नसा खराब होतात, पण ते बहुधा बराच काळ आणि बरंच कमी असलेल्या, उपचार न घेतलेल्या थायरॉइडमध्ये. ६.९ टीएसएच हे तळपाय जाळण्याइतकं कारण मला एकट्याने वाटत नाही.

तुमच्या पत्रातले दोन तपशील मात्र मला लगेच दिसले. शाकाहार आणि चार वर्षांची अ‍ॅसिडिटीची गोळी. बी१२ वनस्पतींपासून मिळत नाही. ते प्राणिज पदार्थांत असतं, दुधातही थोडंफार असतं, पण तिथून मिळालेलं बी१२ प्रथिनांपासून सुटं व्हायला पोटातलं आम्ल लागतं. तुमची गोळी तेच आम्ल दाबते. म्हणजे आवक आधीच कमी आणि त्यातलंही पुरतं पचनी पडत नाही. यकृतात बी१२ चा साठा काही वर्षं पुरतो, म्हणून कमतरता फार सावकाश उघडी पडते आणि माणसाला वाटतं, हे अचानक कुठून आलं? शिवाय थायरॉइडच्या ऑटोइम्यून, म्हणजे शरीर स्वतःवरच हल्ला करतं अशा, आजाराबरोबर काही जणांत पोटाचाही तसाच आजार असतो. त्यात बी१२ शोषून घ्यायला लागणारं प्रथिनच बनत नाही. बहिणीला विचारा म्हटलं ते यासाठी.

बी१२ कमी असेल तर अ‍ॅनिमिया दिसायलाच हवा, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. हिमोग्लोबिन नीट असतानाही नसा खराब होऊ शकतात. घरी एक गोष्ट लक्षात घ्या: तोंडावर पाणी मारताना डोळे मिटले की तोल जातो का? अंधारात चालताना पाय कुठे पडतोय ते कळेनासं होतं का? जीभ लाल, गुळगुळीत, झोंबणारी झाली आहे का? यातलं काही असेल तर आठवडा न दवडता डॉक्टरांकडे जा. कारण तेव्हा बी१२ च्या कमतरतेने मज्जारज्जूवर परिणाम सुरू केलेला असू शकतो.

तपासणीपूर्वी बी-कॉम्प्लेक्स किंवा “नसांच्या ताकदीच्या” गोळ्या कृपा करून सुरू करू नका. हे मी जरा कळकळीने सांगते आहे, कारण असं रोज घडतं. गोळ्यांनी रक्तातलं बी१२ वर येतं, रिपोर्ट छान दिसतो आणि मूळ कारण कायमचं झाकलं जातं. नुसतं फॉलिक अ‍ॅसिड घेतलं तर रक्त सुधारतं आणि नसा मात्र खराब होतच राहतात. आणि अशा गोळ्यांमधलं बी६ जास्त मात्रेत दीर्घकाळ घेतलं तर ते स्वतःच नसा खराब करतं, तेही अशाच मुंग्या आणि आग देऊन. सध्या अशी कुठली गोळी चालू असेल तर तिचं पाकीट डॉक्टरांना दाखवा.

बी१२ चा आकडा वाचताना थोडं सावध राहायचं. साधारणपणे २०० पिकोग्रॅमच्या खाली कमतरता धरतात. २०० ते ३०० ही धूसर पट्टी. त्या पट्टीत आकडा आला आणि तळपाय जळत असतील, तर “नॉर्मलमध्ये आहे” म्हणून परत फिरू नका. मिथाइल मॅलॉनिक अ‍ॅसिड किंवा होमोसिस्टीन ही पुढची तपासणी करता येईल का, असं विचारा. पेशींना बी१२ खरोखर पुरतंय का, ते त्यातून जास्त नीट कळतं.

साखरेचं काय? १०८ हा आकडा “ठीक” म्हणणारे डॉक्टर खोटं बोलले नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषात मधुमेहपूर्व स्थिती ११० पासून सुरू होते. अमेरिकी निकषात मात्र ती १०० ते १२५. म्हणजे तुम्ही दोन मोजपट्ट्यांच्या मधोमध उभ्या आहात. एकट्या उपाशीपोटीच्या साखरेवर हे सोडू नये असं माझं मत आहे. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, करा, आणि जेवणानंतरची किंवा ग्लुकोज पाजून दोन तासांनी घेतलेली साखरही पाहून घ्या. एचबीए१सी ५.७ ते ६.४ मधुमेहपूर्व, ६.५ किंवा त्याहून जास्त असेल तर मधुमेह. तळपायांची आग मधुमेहपूर्व स्थितीतही काही जणांना सुरू होते. ती नसांच्या सर्वांत बारीक तंतूंची असते, आणि इथे एक गोष्ट माहीत असलेली बरी. नसांची जी नेहमीची विद्युत तपासणी करतात, एनसीव्ही, ती जाड तंतूंचं काम मोजते. बारीक तंतूंचा बिघाड असेल तर ती अगदी नॉर्मल येऊ शकते. त्यामुळे पुढेमागे एनसीव्ही नॉर्मल आली आणि कोणी म्हणालं “मग तुम्हाला काही नाही”, तर खचू नका. बारीक तंतूंसाठी त्वचेचा काही मिलिमीटरचा तुकडा तपासण्याची वेगळी पद्धत आहे. तिची गरज क्वचित लागते, पण ती आहे.

पायांचा विषय सोडण्यापूर्वी थोडक्यात: अंगावर कुठे फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि त्यावर स्पर्श, गरम-गार कळत नसेल, तर तो दाखवा. तो कुष्ठरोग असू शकतो आणि औषधांनी तो पूर्ण बरा होतो. आणि एकाच बाजूला पट्ट्यासारखी आग झाली, मग काही दिवसांनी तिथे पुरळ उठलं, तर ती नागीण. दोन्ही तुमच्या वर्णनात बसत नाहीत, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाच्या तरी बसतील.

ओठांभोवतीच्या झिणझिण्या धडधडीबरोबर येतात, आणि जातातही. भीतीने श्वास भराभर आणि उथळ होतो. त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर टाकला जातो, रक्त किंचित अल्कधर्मी होतं आणि रक्तातलं मोकळं कॅल्शियम तात्पुरतं घटतं. ओठ, बोटं झिणझिणतात, कधी बोटं आखडतात. त्याने भीती वाढते, श्वास आणखी भरभर होतो. यात कल्पनेचं काहीही नाही, रक्तात मोजता येईल असा बदल घडतो. अशा वेळी बसून घ्या. नाकाने सावकाश श्वास आत, आणि त्याहून सावकाश तोंडाने बाहेर. पिशवीत श्वास घेण्याचा जुना सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. कारण हृदयाचं किंवा फुप्फुसाचं दुसरं काही असेल तर तो घातक ठरतो.

पण हे भीतीमुळेच आहे असं मी परस्पर ठरवणार नाही. कॅल्शियम खरोखर कमी असलं तरी ओठ आणि बोटं अशीच झिणझिणतात. थायरॉइडची शस्त्रक्रिया झालेल्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं. ग्रंथीच्या पाठीमागे चार इवल्या पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. शस्त्रक्रियेत त्यांना धक्का लागला तर कॅल्शियम घसरतं आणि ओठांच्या झिणझिण्या हा पहिला इशारा असतो. अशांनी त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. तुमची शस्त्रक्रिया झालेली नाही असं मी धरून चालते. तरी तुमची अ‍ॅसिडिटीची गोळी इथेही आडवी येते. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल या गटातल्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या तर काहींचं मॅग्नेशियम घटतं, आणि मॅग्नेशियम घटलं की कॅल्शियमही खाली येतं. म्हणून कॅल्शियम, मॅग्नेशियम, ड जीवनसत्त्व आणि एक ईसीजी, एवढं एकदा करून घ्या. गोळी मात्र मनाने एकदम बंद करू नका. आम्ल उसळून येतं आणि मग माणूस दुप्पट गोळ्या घेतो. ती अजून लागते का आणि कमी कशी करायची, हे डॉक्टरांशी ठरवा.

आता तुमचं टीएसएच. ६.९ आणि दोन महिन्यांनी १.१, हा फरक पाहून तुम्ही गोंधळलात त्यात नवल नाही. प्रौढांची नेहमीची मर्यादा साधारण ०.४ ते ४ असते, लॅबनुसार थोडी बदलते. टीएसएच दिवसभर एकसारखं नसतं. रात्री आणि पहाटे ते जास्त, दुपारी कमी. एखाद्या आजारातून उठताना ते काही काळ वर जातं आणि आपसूक खाली येतं. त्यामुळे किंचित वाढलेलं टीएसएच दोन-तीन महिन्यांनी पुन्हा पाहायचं, ही पहिल्या डॉक्टरांची भूमिका बरोबर होती.

पण दुसऱ्या रिपोर्टवर माझा विश्वास बसत नाही, आणि त्याचं कारण तुमच्या केसांच्या गोळ्या आहेत. टीएसएच मोजण्याच्या अनेक यंत्रपद्धतींमध्ये बायोटिनच वापरलेलं असतं. रक्तात बाहेरून भरपूर बायोटिन आलं तर त्या तपासणीचा ताळमेळ बिघडतो. टीएसएच खोटं कमी आणि थायरॉक्सिन खोटं जास्त दिसू शकतं. शरीराला रोज लागतं सुमारे ३० मायक्रोग्रॅम. तुमच्या गोळीत १० मिलिग्रॅम, म्हणजे तीनशे पटींहून जास्त. सगळ्याच लॅबच्या पद्धतीत हे घडत नाही, म्हणून १.१ चुकीचंच आहे असंही मी म्हणणार नाही. एवढंच की त्यावरून “थायरॉइड नॉर्मल” असा निकाल देता येत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. हृदयविकाराच्या झटक्यात पाहतात ती ट्रोपोनिन तपासणीही बायोटिनमुळे खोटी कमी येऊ शकते. म्हणून या गोळ्या घेत असाल तर रक्त द्यायच्या आधी किमान दोन-तीन दिवस बंद ठेवा, लॅबला तसं सांगा, आणि कधी आणीबाणीत रुग्णालयात जावं लागलं तर तिथेही सांगा. बी१२ आणि अँटिबॉडीच्या काही तपासण्यांनाही हाच धोका आहे. खरं तर बायोटिनची कमतरता फार दुर्मीळ असते. तुमच्या केसांसाठी फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा पाहणं जास्त उपयोगाचं ठरेल. थकव्याचंही उत्तर कदाचित तिथे सापडेल.

मग पुन्हा सकाळच्या वेळी, एकाच लॅबमध्ये टीएसएच, फ्री टी४ (रक्तातलं मोकळं थायरॉक्सिन) आणि अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्धच्या अँटिबॉडीज) करा. टीएसएच वाढलेलं आणि फ्री टी४ नीट, असं निघालं तर त्याला सबक्लिनिकल म्हणजे अजून उघड न झालेला हायपोथायरॉइडिझम (थायरॉइड कमी पडणं) म्हणतात. अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह आल्या म्हणून घाबरायचं नाही. इंग्लंडमधल्या व्हिकहॅम इथे लोकांना वीस वर्षं तपासत राहून केलेल्या पाहणीत असं दिसलं, की टीएसएच वाढलेलं आणि अँटिबॉडीजही असलेल्या स्त्रियांपैकी वर्षाला साधारण ४.३ टक्के स्त्रियांना पुढे उघड हायपोथायरॉइडिझम झाला. नुसत्या अँटिबॉडीज असतील तर २.१ टक्के. म्हणजे लक्ष ठेवायला हवं, पण उद्याच काही होणार आहे असं नाही. टीएसएच १० च्या वर टिकून राहिलं तर बहुतेक डॉक्टर गोळी सुरू करतात. गरोदरपणाचा विचार असेल तर त्याआधीही, त्यामुळे तसं असल्यास ते मोकळेपणी सांगा. ५ ते १० च्या पट्टीत निर्णय माणूस पाहून होतो. २०१७ मध्ये ६५ वर्षांवरच्या ७३७ जणांवर झालेल्या चाचणीत सबक्लिनिकल अवस्थेत गोळी देऊन थकवा किंवा इतर लक्षणं कमी झालेली दिसली नाहीत. तुमचं वय वेगळं आहे, निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी गोळी सुरू झाली आणि तळपायांची आग तशीच राहिली तर डोस वाढवत बसू नका, बी१२ आणि साखरेकडे वळा.

गोळी ठरलीच तर ती उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर, नंतर अर्धा ते एक तास काही न खातापिता. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या तिच्यापासून चार तास लांब. या हार्मोनचा रक्तातला निम्मा भाग संपायलाच सुमारे आठवडा लागतो. त्यामुळे डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांच्या आत टीएसएच तपासून काही कळत नाही.

घरच्यांना काय सांगायचं? सहा महिने झोप मोडलेल्या माणसाला टेन्शन येणारच. त्यामुळे “टेन्शन आहे” हे खरं असू शकतं आणि तरीही ते मूळ कारण नसू शकतं. घरातलं एक माणूस डॉक्टरांकडे सोबत न्या. आपल्यासमोर डॉक्टरांनी पायाला कंपनाचा चिमटा लावला आणि “जाणवतंय का” विचारलं, की घरच्यांची भाषा बरीचशी बदलते असा माझा अनुभव आहे. आणखी एक: आग कमी करायला डॉक्टर कदाचित अ‍ॅमिट्रिप्टिलिन किंवा ड्युलॉक्सेटिन देतील. नेटवर पाहिलंत तर ही नैराश्याची औषधं म्हणून दिसतील, आणि वाटेल की शेवटी यांनीही आपल्याला मनाचंच ठरवलं. तसं समजू नका. नसांच्या वेदनेवर ही औषधं वेगळी, स्वतंत्रपणे काम करतात आणि तीसुद्धा बहुधा कमी मात्रेत.

भेटीला जाण्यापूर्वी दोन आठवडे रोज रात्री दोन ओळी लिहा. कुठे, किती वाजता, किती वेळ, कशाने थांबलं. हात, पाय आणि ओठ वेगवेगळे. त्यासोबत सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि दोन्ही जुने रिपोर्ट. डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा, “मला तीन वेगळे त्रास आहेत.”

काही लक्षणांत मात्र दोन आठवडे थांबायचं नाही. अचानक चेहऱ्याची, हाताची किंवा पायाची एक बाजू बधिर किंवा लुळी पडली, बोलणं अडखळलं; पायांत सुरू झालेली कमजोरी काही तासांत-दिवसांत वर चढू लागली, गिळायला किंवा श्वासाला त्रास होऊ लागला; मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली; धडधडीबरोबर छातीत दुखलं किंवा भोवळ येऊन पडलात, तर थेट रुग्णालय. तुम्ही लिहिलेल्यात यातलं काही नाही.

बी१२ कमी निघालं आणि इंजेक्शनं सुरू झाली, तर थकवा बहुधा काही आठवड्यांतच हलका होईल. पाय मात्र वेळ घेतात. नसा सावकाश भरून येतात, त्याला महिने लागतात. सुरुवातीला काही जणांना झिणझिण्या उलट वाढल्यासारख्या वाटतात. तेव्हा औषध सोडू नका, डॉक्टरांना फोन करून विचारा आणि पुढचं इंजेक्शन ठरल्या दिवशी घ्या.